कुंपणावरचा सतरावा

१

आर्डिथ हौगेनची मोजण्यात कधी चूक होत नसे. बावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. सकाळी पोरं चढताना मोजायची, दुपारी उतरताना मोजायची, आणि बस रिकामी झाली की शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन पुन्हा एकदा बघून यायचं. इतक्या वर्षांत एकही पोर बसमध्ये झोपून राहिलं नव्हतं. नोकरी संपून तीन वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. गाई, अंडी, आकाशातली बदकं, डोळ्यांसमोर येईल ते ती मनातल्या मनात मोजून टाकी.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी ती गुरांना चारा टाकायला पिकअप घेऊन निघाली आणि पश्चिमेच्या कुंपणापाशी तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

कुंपणावर कायोटी टांगलेले होते, यात नवल काहीच नव्हतं. अमेरिकेतल्या डकोटाच्या त्या माळावर कुणीही कायोटी मारला की त्याचे मागचे पाय तारेने बांधून रस्त्याकडेच्या खांबाला उलटा लटकवतो. बाकीच्यांना दहशत बसते म्हणतात. आर्डिथ लग्न होऊन आली तेव्हा कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून किरकोळ असं हे जनावर वर्षातून एखाद्या वेळी दिसायचं. आता भर दुपारी गोठ्यामागून चालत जायचं, आणि हाकललं तर थांबून मागे वळून बघायचं.

तिच्या नवऱ्याने, ऑर्लिनने, ऑक्टोबरपासून सोळा लटकवले होते. एका खांबाला एक.

आज सतरा होते.

तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि फाटकाकडून सुरुवात करून पुन्हा मोजले. सतरा. मग उलट्या बाजूने मोजले. वाऱ्याने सगळी शेपटं एकाच दिशेला हलत होती, आणि टोकाच्या खांबावरचा तो नवा तेवढा अगदी स्थिर होता.

२

"तू मोजायला चुकलीस," ऑर्लिन म्हणाला. तो स्वयंपाकघरात कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. साठी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस. बोलताना समोरच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायची त्याची खोड होती.

"मी? मोजायला?"

"बरं बाई, तू नाही चुकलीस. मग वेंडेलने लटकवला असेल. त्याला चेष्टा सुचतात."

वेंडेल राश म्हणजे पलीकडच्या रानाचा मालक. आर्डिथने त्याला तिथल्या तिथे फोन लावला.

"माझा कायोटी मी तुमच्या कुंपणावर कशाला टांगू?" वेंडेल खो खो हसत म्हणाला. "माझ्याकडे काय खांब कमी आहेत? आणि आर्डिथ, तुझ्या म्हाताऱ्याला सांग, आता स्वतःच मारलेले विसरायला लागला असेल तर बंदूक माझ्याकडे आणून ठेव म्हणावं."

जेवणाआधी दोघंही कुंपणाकडे गेले. ऑर्लिनने नव्या कायोटीभोवती एक चक्कर मारली. तार त्याच्याच पद्धतीने बांधलेली होती, तीन वेढे आणि डावीकडे पीळ. तो डावखुरा. त्या भागात डावीकडे पीळ देणारा दुसरा कुणी नव्हता.

"गोळी कुठे लागलीय?" आर्डिथने विचारलं.

त्याने कातडी चाचपली. गोळीचं भोक नव्हतं. सापळ्याची खूण नव्हती. बाकीच्या सोळांचे डोळे कावळ्यांनी कधीच खाल्ले होते, याचे शाबूत होते. मग ऑर्लिनने त्याचा पुढचा पंजा उलटा केला आणि तसाच धरून राहिला.

"काय झालं?"

"हात लाव."

तिने हातमोजा काढून बोट लावलं. रानात फिरणाऱ्या जनावराचा तळवा म्हणजे वाळलेलं चामडं, भेगाळलेला, काटे रुतलेला. हा लोण्यासारखा मऊ होता. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचा असतो तसा. जनावर चांगलं पाच वर्षांचं दिसत होतं, पण त्याने जमिनीवर एकही पाऊल टाकलेलं नव्हतं.

"रोगट असेल," ऑर्लिन म्हणाला आणि पॅंटला हात पुसत राहिला.

३

ऑर्लिनचा कायोटींवरचा राग काही उगाच नव्हता. दर हिवाळ्यात बाहेरगावचे शिकारी त्याच्याकडे यायचे. तो त्यांना ओढ्याकाठच्या झाडीत न्यायचा, हरणाच्या वाटा दाखवायचा, रात्री आर्डिथ त्यांना बटाटे घालून मांस वाढायची. पाहुण्यांच्या गप्पांनी घर भरून जायचं. गेल्या वर्षी मिनेसोटाचे सहा जण आठवडाभर बसले आणि शिंगवाला एकही नर न बघता परत गेले. यंदा कुणाचा फोन आला नव्हता. हरणं उरणार कुठून? वसंतात ऑर्लिनला ओढ्याकाठी नऊ पाडसं सापडली होती, म्हणजे त्यांचे खूर आणि कान.

त्याच आठवड्यात त्याने टेकडीच्या पोटात कायोटीचं बीळ शोधून काढलं. आर्डिथ गोणपाट धरून उभी होती. त्याने फावड्याने बीळ उकरलं, आत हात घालून सात पिल्लं एकेक करून बाहेर काढली आणि फावड्याच्या पात्याने एकेकाचं डोकं ठेचलं. सातव्याला त्याने दोनदा मारलं. आर्डिथने गोणपाटात मोजून घेतली.

वनखात्याचा एक तरुण नंतर येऊन गेला. तो म्हणाला होता, "काका, एक सांगू? जितके माराल तितक्या माद्या जास्त पिल्लं घालतात. रान स्वतःच जागा भरून काढतं."

"मग आपण दमतो की ते, बघू," ऑर्लिन म्हणाला होता.

सतरावा सापडला त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी आर्डिथ भांडी घासत होती. खिडकीतून गुरांचं तळं दिसायचं. एक हरणी धावत आली आणि गोठलेल्या तळ्यावर तिचे चारही पाय फाकले. मागून चार कायोटी आले. त्यांना घाई नव्हती. एकाने नाक पकडलं, दोघांनी मागून पोट उघडलं. हरणीचं ओरडणं बंद काचेतून आत येत होतं, बाईमाणसासारखं. ती उठायचा प्रयत्न करी आणि स्वतःच्याच आतड्यांवरून घसरून पडे.

ऑर्लिन पायांत नुसते मोजे असताना बंदूक घेऊन बाहेर धावला. तीन कायोटी त्याने आडवे केले, चौथी गोळी हरणीला घातली. चौथा कायोटी पळाला नाही. बर्फावर बसून तो पश्चिमेच्या कुंपणाकडे बघत राहिला, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. ऑर्लिनने पुन्हा गोळ्या भरेपर्यंत ते जनावर उठलं आणि सावकाश चालत गेलं.

संध्याकाळच्या आत त्याने ते तिन्ही लटकवले. आता वीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस होते.

एकविसाव्याच्या अंगातून वाफ निघत होती. पारा शून्याखाली वीसवर होता, बाकीचे लाकडासारखे वाजत होते. आर्डिथने त्याच्या काखेत हात घातला. ऊन ऊन होतं. तळवा मऊ.

४

त्या दिवसापासून दोघं एकमेकांकडे चोरून बघायला लागले.

आर्डिथला वाटे, याच्याशिवाय कोण? तार त्याची, पीळ त्याचा. माणूस मनातून खचला की काय काय करतो. कुठून तरी पाळलेली जनावरं आणत असेल, पिंजऱ्यात वाढवलेली. म्हणून तळवे मऊ. ही कल्पना तिला इतकी पटली की तिला हलकं वाटलं. तो अंघोळीला गेला तेव्हा तिने त्याच्या कोटाचे खिसे तपासले. पक्कड होती, तारेचा तुकडा होता. पण ते तर नेहमीच असायचं.

तो बाहेर आला तेव्हा तिच्या हातात पक्कड होती.

"काय शोधतेस?"

"काही नाही."

"माझ्यावर संशय?" तो जवळ आला. "मग मीही विचारतो. डॉक्टरने गोळ्या बदलल्या तेव्हापासून तू झोपेत उठतेस का?"

"मला वेड लागलंय असं म्हणायचंय का तुला?"

त्याने तिची मनगटं पकडली, इतकी जोरात की हाडं कडकडली, आणि तिचे तळहात खिडकीच्या उजेडात धरून बघायला लागला. तारेचे ओरखडे शोधत होता. आर्डिथने हात सोडवून घेतला आणि त्याच्या थोबाडीत मारली. एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. त्याचा ओठ फुटला.

दोघंही धापा टाकत उभे राहिले. तिच्या हातावर ओरखडा नव्हता. त्याच्याही ताजा नव्हता.

"आपण दोघंही नाही," शेवटी आर्डिथ म्हणाली.

ऑर्लिनने ओठाचं रक्त चाटलं. "तू असतीस तर बरं झालं असतं," तो म्हणाला, आणि ते तो अगदी मनापासून म्हणाला.

५

डफी ही त्यांची कुत्री. गुरं वळणारी, करड्या ठिपक्यांची, अकरा वर्षांची. सापळ्यात सापडून तिच्या उजव्या पंजाचं एक बोट तुटलेलं होतं. शुक्रवारी सकाळी ती हाकेला आली नाही.

ती कुंपणावर होती. मागचे पाय तारेने बांधलेले, तीन वेढे, डावीकडे पीळ. आर्डिथ गुडघ्यांवर बसली. "डफी," ती म्हणाली, "अगं माझी बाय."

कुत्रीने शेपूट हलवलं.

आर्डिथ ओरडली. ऑर्लिन बंदूक घेऊन धावत आला. लटकलेली डफी त्याच्याकडे बघून आणखी जोरात शेपूट हलवायला लागली, जीभ बाहेर, जणू खेळच चालला होता. ऑर्लिन घाईघाईने तार सोडवायला वाकला, आणि मागून गुरगुर ऐकू आली.

रस्त्याच्या मधोमध डफी उभी होती. अंगावर ओसरीखालची माती, पाठीवरचे केस ताठ, तीन पावलं पुढे यायची आणि दोन मागे जायची. तिच्या उजव्या पंजाला एक बोट कमी होतं.

आर्डिथने लटकलेलीचा पंजा धरला. सगळी बोटं होती. गुलाबी, मऊ, कोरी.

"बाजूला हो," ऑर्लिन म्हणाला.

"ऑर्लिन, ती जिवंत आहे."

"बाजूला हो म्हणतो ना!"

त्याने बंदुकीची नळी लटकलेल्या कुत्रीच्या कानाला टेकवली. ती नळी चाटायला लागली. त्याने चाप ओढला. आर्डिथच्या कोटावर गरम शिंतोडे उडाले. रक्त लालच होतं, वास रक्ताचाच होता.

ओसरीखालून आलेली डफी रस्त्यावरच लवंडून मुतली. दिवसभर तिने ऑर्लिनला जवळ येऊ दिलं नाही.

६

त्याने कुंपण मोकळं करायचं ठरवलं. शनिवारी दिवसभर पक्कड घेऊन सगळे मुडदे उतरवले, खड्ड्यात टाकले, डिझेल ओतून जाळले. वास घरापर्यंत आला. आर्डिथने टाकलेल्या लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, तव्यावरच करपल्या. दोघांनीही काही खाल्लं नाही.

"आता काय टांगतंय ते बघू," तो म्हणाला.

रविवारी दहा वाजता कुंपणावर एकच होता.

निळी जीन्स, खाकी कोट, पायांत काही नाही. घोट्यांना तार. तोंडाकडे रक्त उतरून चेहरा लाल झालेला. खालच्या ओठावर, जिथे आर्डिथचा तडाखा बसला होता, तिथे मात्र जखम नव्हती. छाती वरखाली होत होती.

ऑर्लिन आर्डिथच्या शेजारी उभा होता.

उलट्या चेहऱ्याने डोळे उघडले आणि ऑर्लिनकडे पाहिलंच नाही. "आर्डिथ," तो म्हणाला. आवाज नवीन होता, पण ऑर्लिनचाच, लग्नाच्या वेळी होता तसा. "मला खाली घे गं. थंडी वाजतेय."

ती एक पाऊल पुढे गेली. का गेली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. थंडी वाजणाऱ्या माणसाकडे आपण जातो, इतकंच.

ऑर्लिनने तिला कोपराने बाजूला ढकललं. पहिली गोळी छातीत, दुसरी गळ्यात. तरी तोंड हलत होतं. ऑर्लिनने बंदूक उलटी धरली आणि दस्त्याने स्वतःच्याच चेहऱ्यावर घाव घातले, एक, दोन, तीन. आर्डिथ मोजत होती. तिला थांबता येत नव्हतं. अकराव्या घावाला तो थांबला, कारण तिथे चेहरा उरला नव्हता.

मग तो खांबाला टेकून खाली बसला आणि बंदुकीच्या दस्त्यावरचे केस बोटाने वेचायला लागला. त्याचेच पांढरे केस.

"शेरीफला फोन करू," ती म्हणाली.

"काय सांगशील? माझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला मारलं?"

ती त्याच्या शेजारी बसली. वारा पडला होता. टेकडीच्या कडेवर कायोटी बसलेले होते, लहान लहान, एका ओळीत. सवयीने तिने मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढे गेल्यावर मान वळवली.

"आपण जाऊ इथून," ती म्हणाली. "माझ्या बहिणीकडे, रॅपिड सिटीला. आजच."

"आजोबांनी घेतलेलं रान आहे हे. कुत्र्यांना देऊन जाऊ?"

"ऑर्लिन. उद्या तिथे मी असले तर?"

तो खिडकीबाहेर बघायचा तसा लांब कुठेतरी बघत राहिला.

"सांग ना. मी असले तर?"

"तू घरात असशील," तो म्हणाला. "मला माहीत असेल तू घरात आहेस. मग मी—"

त्याने बंदूक जमिनीवर ठेवून दिली. आणि आर्डिथला कळलं की तो मारील याची आपल्याला भीती नाही. तो मारू शकणार नाही, याची भीती आहे.

७

रविवारी रात्री ऑर्लिनने तो मुडदाही खड्ड्यात जाळला, आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता ती निघाली. डफी पुढच्या सीटवर, मागे दोन बॅगा. ऑर्लिनने ओसरीवरून हात केला. तिने पुन्हा एकदा 'चल' म्हटलं, त्याने पुन्हा एकदा नकाराची मान हलवली. बाहेर जायचा रस्ता एकच होता, पश्चिमेच्या कुंपणाला धरून जाणारा.

लख्ख ऊन होतं. शेवटच्या खांबाशी पोचेपर्यंत तिने समोरच बघायचं ठरवलं होतं.

डफी कण्हली आणि तिने सीटखाली तोंड खुपसलं.

करडा कोट. तिच्याकडे होता तसा, आता तिच्या अंगावर होता तोच. पांढरे केस खाली लोंबत होते. पण अंग लोंबत नव्हतं. ते कमरेतून वर वळलेलं होतं, आणि दोन हात घोट्यापर्यंत पोचले होते. बोटं सावकाश, न चुकता, तारेचा पीळ उलगडत होती. उजवीकडे. एक वेढा सुटलेला होता.

चेहरा गुडघ्यांमागे होता. तो दिसला नाही.

आर्डिथने ब्रेक दाबला नाही. आरशातही पाहिलं नाही.

पेट्रोल पंपावरून तिने घरी फोन लावला. ऑर्लिनने लगेच उचलला.

"पश्चिमेच्या कुंपणाकडे जाऊ नकोस," ती म्हणाली.

"का?"

तिला ते शब्दांत सांगता येईना. "का ते विचारू नकोस. दारं लाव. वेंडेलला बोलावून घे, आणि त्याच्याबरोबर निघून ये."

फोनमधून कोटाची चेन ओढल्याचा आवाज आला. "बरं," तो म्हणाला. एकतीस वर्षांत तिने हे 'बरं' शेकडो वेळा ऐकलं होतं. त्याचा अर्थ तिला पाठ होता. तो कुंपणाकडे जाणार होता.

८

पहिले आठ दिवस तो रोज दुपारी फोन करायचा. सगळं ठीक आहे म्हणायचा. कुंपण रिकामंच आहे, कायोटीही दिसत नाहीत, परवा ओढ्यावर दोन हरणी आणि एक शिंगवाला नर बघितला, अगदी धष्टपुष्ट, माणसाला न बुजणारा. त्याच्या आवाजात कितीतरी वर्षांनी उत्साह होता. तू कधी येतेस, असं मात्र तो विचारत नसे. आर्डिथला ते लागे, पण ती बोलून दाखवत नसे.

नवव्या दिवशी फोन आला नाही. दहाव्याही नाही.

अकराव्या दिवशी, तिची बहीण मार्व्हा बाजारात गेलेली असताना, आर्डिथ स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि तिने घरचा नंबर फिरवला. डफी पायाशी झोपली होती. चार वेळा घंटा वाजली.

"हॅलो, हौगेनांकडे," एक बाई म्हणाली.

आपला आवाज माणसाला सहसा ओळखू येत नाही. पण फोन उचलला नाही तर निरोप घेणाऱ्या घरच्या जुन्या यंत्रावर आर्डिथने स्वतःचा आवाज वर्षानुवर्षं ऐकला होता. तिला तो लगेच ओळखू आला.

मागे तिच्या ओळखीच्या स्टोव्हवर काहीतरी चुरचुरत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कपाटाचं दार, ज्याला तेल घालायला ती चार वर्षं सांगत होती, ते न कुरकुरता उघडलं.

"हॅलो?" बाई पुन्हा म्हणाली. प्रेमळपणे. घाई नसल्यासारखी.

आर्डिथने तोंड उघडलं. कोण बोलतंय ते सांगायचं तर तिच्याकडे एकच नाव होतं.

"कोण आहे गं?" लांबून ऑर्लिनने विचारलं. तोंडात घास असावा. किती दिवसांनी तो पोटभर जेवत होता.

"कुणी नाही रे," बाई म्हणाली. "चुकून लागलाय. तू खा."

आणि फोन ठेवला गेला, अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लावतात तसा.